मी दाखवलेलं मला पहिल्यांदा दिसलं

कपाटाच्या खालच्या कप्प्यात सात परीक्षानळ्या होत्या, त्यांतल्या तीन तडकलेल्या. दोन नालाकृती चुंबक होते, वात नसलेला एक स्पिरिटचा दिवा होता, प्लास्टरचं एक हृदय होतं आणि मी होतो. एकूण बारा वस्तू. एक मेलेलं झुरळही होतं, पण ते नोंदवहीत नव्हतं, म्हणून मी ते मोजत नाही.

मित्रांनो, मी विश्रांतवाडीतल्या एका शाळेचा सूक्ष्मदर्शक आहे. पस्तीस वर्षांचा आहे. अंबाल्याच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. ओतीव लोखंडाचा पाय, पितळेची नळी, नळीच्या वरच्या टोकाला एक भिंग आणि खालच्या टोकाला एक. दोन्ही दहा-दहा पट मोठं करून दाखवणारी. दहा दाहे शंभर. हा आकडा माझा अभिमान होता. पायाशी एक गोल आरसा आहे. तो खिडकीतला उजेड पकडून वर पाठवतो. माझ्यात विजेचं काही नाही, त्यामुळे वीज गेली म्हणून माझं काम कधी अडलं नाही.

शाळेत आलो त्या वर्षी मला रोज हळदीकुंकवाच्या पाहुणीसारखा मान मिळाला. कांद्याचा पापुद्रा, गालाच्या आतली पेशी, डासाचा पंख, सगळं माझ्याखाली आलं. वर्गात अठ्ठेचाळीस मुलं असायची आणि तास पस्तीस मिनिटांचा. प्रत्येकाच्या वाट्याला पाऊण मिनिटही यायचं नाही. मागचा ढकलत असे, पुढचा एक डोळा मिटून वाकत असे आणि पुष्कळांना स्वतःच्या पापण्यांचे केस तेवढे दिसत. तरी ते म्हणत, "दिसलं, सर!" खोटं बोलायचं म्हणून नाही. मागे रांग होती म्हणून.

चोवीस वर्षं अशीच गेली. मग एके दिवशी कुणीतरी नळी खाली आणत आणत काचपट्टीवर टेकवली. काचपट्टी फुटली, माझ्या भिंगाला बारीक ओरखडा आला. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या सरांना त्याबद्दल तीनदा लेखी खुलासा द्यावा लागला. तिसरा खुलासा दिल्यावर त्यांनी मला पिशवीत घातलं, कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. त्यांना दोष देऊ नका. न वापरलेली वस्तू मोडत नाही, आणि न मोडलेल्या वस्तूबद्दल कुणी काही विचारत नाही. पुढची अकरा वर्षं वर्षातून एकदा कपाट उघडायचं, कुणीतरी वाकून पाहायचं आणि नोंदवहीत खूण करायचं. मी आहे, एवढं पुरेसं होतं.

मग शाइस्ता मॅडम आल्या. त्या अजून शिक्षिका झालेल्या नव्हत्या. प्राणिशास्त्रात पदवी घेऊन त्या बी.एड. करत होत्या आणि सोळा आठवडे आमच्या शाळेत शिकवायला, खरं तर शिकवायला शिकायला, आल्या होत्या.

"मॅडम, त्याच्यात काय बी न्हाई. समदं भंगार हाय," शाळेचे शिपाई दत्तोबामामा किल्ली फिरवता फिरवता म्हणाले.

"मामा, भंगार आहे ते बघायलाच उघडा."

"बघा बापडं. झुरळ निगालं तर माझ्या नावानं वरडू नका."

झुरळ निघालं. मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी ते कागदावर घेतलं, पाय मोजले, पाचच निघाले, सहावा कप्प्यात शोधला. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. पिशवी काढून त्यांनी माझा आरसा ओढणीच्या टोकानं पुसला आणि डोळा लावला. अकरा वर्षांनी कुणीतरी माझ्यात पाहिलं. पण माझी खालीवर करायची चकती गंजून बसली होती. मॅडमना धुकं दिसलं असणार.

मला घेऊन त्या मुख्याध्यापिका पूर्णिमाबाईंच्या खोलीत गेल्या. बाईंच्या टेबलावर एक यादी होती. शाळेतून काढून टाकायच्या वस्तूंची. सतराव्या ओळीत माझं नाव होतं. पुढच्या शनिवारी भंगारवाल्याचा टेम्पो येणार होता.

"अहो शाइस्ता, आपल्याकडे आता प्रोजेक्टर आहे," बाई म्हणाल्या. "नेटवर पॅरामेशियमचा, त्या एकपेशीय जीवाचा, असा व्हिडिओ मिळतो की त्याच्या अंगावरची लव मोजता येते. मग हे लोखंड कशाला सांभाळायचं?"

"व्हिडिओ छानच आहे, बाई. पण तो पाहून मुलं 'हो' म्हणतात आणि पुढं जातात."

"आणि ह्यातून पाहून 'नाही' म्हणतील?"

मॅडम जराशा गोंधळल्या. "ते मला माहीत नाही. एकदा बघू द्या ना. फोन ह्याच्या वरच्या भिंगावर बसवला आणि प्रोजेक्टरला जोडला, तर सगळ्यांना एकदम दिसेल. रांग लागणार नाही."

बाईंनी चष्मा काढला. "पुढच्या गुरुवारी आठवीच्या तासाला मी मागे बसेन. व्हिडिओत कळत नाही असं काही ह्यातून कळलं, तर हे राहील. नाहीतर शनिवारी जाईल. आणि माझा शेरा तुमच्या कॉलेजलाही जाईल, हे लक्षात असू द्या."

म्हणजे माझं काय होणार, ते गुरुवारच्या पस्तीस मिनिटांत ठरणार होतं.

त्या संध्याकाळी मी स्कूटरवर, मॅडमच्या पायांशी बसून, नारायण पेठेत गेलो. तिथे त्यांचे वडील मुनव्वर घड्याळं दुरुस्त करतात. त्यांनी माझी चकती उघडली, गंज खरवडला, सुईच्या टोकानं तेलाचे दोन थेंब दिले. एक गिऱ्हाईक काउंटरवर ओणवं होऊन विचारू लागलं, "हे काय हो? कसलं घड्याळ?"

"ह्यातून तुमचं घड्याळ पाहिलं, तर आत किती मळ साठलाय ते कळेल," मुनव्वर मान वर न करता म्हणाले. "पाहायचंय?"

गिऱ्हाईक सरळ उभं राहिलं.

मॅडमनी नर्सरीतून कमळाच्या कुंडीतलं पाणी आणलं होतं. बरणीत त्या पाण्यात वाळलेलं गवत घालून ती त्यांनी सहा दिवस प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवली. दत्तोबामामा तिच्याजवळून जाताना नाक धरत. "मॅडम, ह्यात काय पाळलंय?" असं त्यांनी रोज विचारलं आणि मॅडमनी रोज त्यांना खरं उत्तर दिलं. त्यांचा विश्वास बसला नाही.

गुरुवार आला. खिडक्यांवर सतरंज्या टांगल्या. माझ्या आरशापुढे मामांची बॅटरी ठेवली. पुठ्ठ्याच्या चौकटीत फोन बसवून तो माझ्या वरच्या भिंगावर टेकवला आणि त्याची वायर प्रोजेक्टरला जोडली. मॅडमनी काचपट्टीवर बरणीतल्या पाण्याचा एक थेंब सोडला. पूर्णिमाबाई मागच्या बाकावर वही उघडून बसल्या.

मित्रांनो, आता एक गोष्ट सांगतो, ती नीट ऐका. इतकी वर्षं मी दाखवत होतो, पण माझ्याखालचं मला स्वतःला कधीच काही दिसलं नव्हतं. भिंग म्हणजे डोळा नव्हे. उजेड माझ्यातून जातो आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यात चित्र होतो. माझ्या हाती काही उरत नाही. त्या दिवशी तो उजेड फोनमधून, वायरीतून, प्रोजेक्टरमधून समोरच्या भिंतीवर गेला आणि मी माझंच काम पहिल्यांदा पाहिलं.

भिंतीवर दीड मीटर रुंदीचं प्रकाशाचं वर्तुळ होतं. त्यात काहीतरी चपलेच्या तळव्यासारखं लांबट, काचेसारखं पारदर्शक, स्वतःभोवती गिरकी घेत सरकत होतं. एका गवताच्या तुकड्याला धडकलं, थोडं मागे आलं, तिरकं झालं आणि दुसऱ्या वाटेनं गेलं. त्याच्या पोटात एक बुडबुडा फुगत होता आणि मिटत होता, फुगत होता आणि मिटत होता. कडेनं बारीक लव अशी हलत होती, जशी वाऱ्यात गव्हाची ओंबी हलते. मग दुसरं आलं. मग एकदम सहा. पुढच्या बाकावरची मुलं उभी राहिली. दत्तोबामामा दारात उभे होते, त्यांनी हातातला डस्टर छातीशी धरला होता.

"हे त्या बरणीतलं हाय?" आधी तेच बोलले.

"एका थेंबातलं, मामा."

"आयला," मामा हळूच म्हणाले आणि लगेच बाईंकडे पाहून त्यांनी जीभ चावली.

मॅडमनी फळ्यावर लिहिलं: पॅरामेशियम, शंभर पट मोठं. हा आकडा त्यांच्या पाठाच्या टाचणात होता, आणि तो त्यांनी तीनदा तपासला होता. दहा दाहे शंभर.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची संस्कृती उठली. ती कुणाला न विचारता भिंतीजवळ गेली, हात पसरून तिनं त्या जीवावर आपली वीत ठेवली आणि परत येऊन वहीत काही लिहू लागली.

"काय झालं, संस्कृती?"

"मॅडम, तो एक वीत आहे. माझी वीत सतरा सेंटिमीटरची आहे, आम्ही गेल्याच महिन्यात मोजली होती. सतरा सेंटिमीटरला शंभरनं भागलं की एक पॉइंट सात मिलिमीटर येतात."

"बरोबर."

"बारकी मुंगी तेवढी असते, मॅडम. मुंगी दिसते. मग हा बरणीत का नाही दिसत?"

"चष्मा बदल," सार्थक मागून म्हणाला. दोघंतिघं हसले.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावरचा शंभर पुन्हा वाचला. मागच्या बाकावर पूर्णिमाबाईंचं पेन चालू झाल्याचा आवाज आला. 'नंतर सांगते' म्हणून मॅडमना पुढं जाता आलं असतं. मी पुष्कळांना तसं जाताना पाहिलं आहे.

"संस्कृती, तुझं गणित बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे माझा आकडा चुकलाय. कुठं चुकला, ते आपण शोधू या. हा जीव मोठा कुणी केला?"

"सूक्ष्मदर्शकानं!"

"शंभर पट. मग?"

सार्थकच म्हणाला, "मग फोननं पण केला. आणि प्रोजेक्टरनं पण."

"किती पट?"

"ते कुठं लिहिलंय?"

"कुठंच नाही," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम बदलला, जसा खेळायला बोलावल्यावर बदलतो. "आपण प्रोजेक्टर मागं सरकवला तर आकडा बदलतो. म्हणून कुणी लिहून ठेवलेला नाही. आता फोनला आणि प्रोजेक्टरला कुणीही हात लावायचा नाही. कंपासमधली प्लास्टिकची पारदर्शक पट्टी कोण देतंय?"

अकरा पट्ट्या आल्या. मॅडमनी एक घेतली आणि काचपट्टी काढून ती माझ्याखाली ठेवली. नळी थोडी वर घेतली. भिंतीवर दोन काळे खांब उभे राहिले. त्या मिलिमीटरच्या दोन शेजारच्या रेघा होत्या. त्यांच्या कडा करवतीसारख्या दातेरी होत्या.

"आपली पट्टी एवढी वाकडी?" कुणीतरी घाबरून विचारलं.

"सगळ्यांच्याच," मॅडम म्हणाल्या. "आपण जवळून पाहिलं नव्हतं, एवढंच. आता एका खांबाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा."

मीटरपट्टी लागली. ऐंशी सेंटिमीटर. म्हणजे एक मिलिमीटरचे आठशे मिलिमीटर. आठशे पट.

मला शंभराचा अभिमान होता, हे मी सांगितलंच आहे. त्या फोनला आणि प्रोजेक्टरला मी सकाळपासून जरा तोऱ्यातच पाहत होतो. त्यांनी माझं चित्र आणखी आठ पट केलं होतं आणि त्याबद्दल ते एक अक्षर बोलले नव्हते. खरं तर काळजी त्याचीच वाटायला हवी. यंत्र मोठं करून देतं, पण किती मोठं केलं, ते आपण विचारल्याशिवाय सांगत नाही.

"हे व्हिडिओत झालं नसतं," पूर्णिमाबाई मागून म्हणाल्या. सगळ्यांच्या माना वळल्या. "व्हिडिओत पट्टी कुठं ठेवणार होतो आपण?" मग त्यांनी दाराकडे पाहिलं. "दत्तोबा, ऑफिसातून ती यादी आणा."

"टेम्पोवाल्याला काय सांगू, बाई?"

"सांगा, एक नाव कमी झालं."

यादी आली. सतराव्या ओळीवर बाईंनी रेघ मारली, पट्टी न लावता, हातानंच. मॅडमनी ती पाहिली आणि काचपट्टी परत जागेवर ठेवली, कारण तासाची अकरा मिनिटं उरली होती आणि मोजायचं अजून बाकी होतं.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत असं एखादं कपाट असेल. त्याची किल्ली मागा. आम्हांला हळू हाताळा, भिंगाला बोट लावू नका, काम झालं की मऊ कापडानं पुसून ठेवा. पण कुलपात घालून जपू नका. ओरखड्यानं माझं नुकसान एका कोपऱ्यापुरतं झालं होतं. कुलपानं अकरा वर्षांचं झालं. आणि आमच्यातून काहीच दिसलं नाही, तर 'दिसलं' म्हणू नका. 'नाही दिसलं' म्हणा. मागे रांग असली तरी.

जीव फार पळत होते, म्हणून मॅडमनी थेंबात कापसाचे चार धागे टाकले. धाग्यांच्या जाळीत त्यांचा वेग कमी झाला. संस्कृतीनं मीटरपट्टी धरली, सार्थकनं पेन्सिलीनं भिंतीवर दोन्ही टोकांना खुणा केल्या, आणि पूर्णिमाबाई चष्मा लावून आकडे वाचायला पुढे येऊन उभ्या राहिल्या. पहिला सोळा सेंटिमीटर भरला. दुसरा अठरा. तिसरा सतरा. मॅडमनी फळ्यावरचा शंभर पुसला, तिथे आठशे लिहिलं आणि खडू संस्कृतीच्या हातात दिला. तिनं तिन्ही मापं मिळवून तिनानं भागली, सेंटिमीटरचे मिलिमीटर केले, आठशेनं भागलं आणि खाली लिहिलं:

पॅरामेशियम, कमळाच्या कुंडीतलं पाणी, तीन नमुने. सरासरी लांबी ०.२१ मिलिमीटर.