दाखवायची चाल

घाटकोपरहून अंधेरीला हाडांच्या डॉक्टरांकडे जाण्याचा बेत जानकीबाईंनी चोरीला निघाल्यासारखा आखला होता. घाटकोपरला डॉक्टर नव्हते असं नाही. पण तिथं ओळखीची माणसंही होती. लग्नाची मुलगी हाडांच्या दवाखान्यात दिसली, की तिची पत्रिका परत यायला पोस्टमनसुद्धा लागत नाही.

साकीनाक्याच्या खड्ड्यात बस आपटली, तशी त्यांच्या मुलीच्या, क्षमाच्या, उजव्या खुब्यातून कळ निघाली ती गुडघ्यापर्यंत. तिनं ओठ मिटून घेतले. चार दिवस पाय टेकवत नव्हता, आणि शेजारच्या द्रौपदीकाकूंनी कुणाच्या तरी पुतणीचा पाय कापल्याची हकिगत चवीनं ऐकवली होती. रविवारी मंडळी बघायला येणार होती. आईला रविवारपुरतं इंजेक्शन हवं होतं. क्षमाला पाय हवा होता.

डॉक्टर घाईत होते. म्हणाले, "जरा चालून दाखव."

इथंच घोटाळा झाला. बघायला आलेल्यांतली एखादी आत्याबाई हे शब्द हमखास उच्चारी, आणि त्यासाठी जानकीबाईंनी मुलीकडून स्वयंपाकघरात सहा वर्षं तालीम करून घेतली होती. ओठ मिटलेले, नजर खाली, पाऊल बेताचं. शब्द कानावर पडले आणि पाय आपोआप निघाले. क्षमा सुरेख चालली.

"चाल तर छान आहे," म्हणत डॉक्टर टॉनिक लिहू लागले. मुलगी पसंत पडावी तसा जानकीबाईंचा चेहरा उजळला.

क्षमाचं लक्ष डॉक्टरांच्या पेनाकडे होतं. कागद हातात पडला की संपलं.

"डॉक्टर, ती दाखवायची चाल होती," ती कशीबशी म्हणाली. "खरी दाखवू?"

"क्षमे, गप बस गं." आईनं दंड धरला. तो सोडवून घेत ती लंगडत चालली, आणि तिसऱ्या पावलाला कळवळून ओरडली.

डॉक्टरांनी कागद फाडला. तिला झोपवून बराच वेळ पाय तपासला. सांधा झिजलाय, म्हणाले. आजपासून पाय टेकायचा नाही, रविवारीही नाही. किती वाचेल ते एक्स-रे पाहून सांगेन.

"कधीपासून दुखतोय?"

"आठवडा झाला," जानकीबाई म्हणाल्या.

"सहा वर्षं," क्षमा म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "आणि आजवर हा पाय कुणीच पाहिला नाही?"

"अकरा स्थळांनी पाहिला," क्षमा म्हणाली. "पायाबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती."