रडक्या धुराड्याची शेगडी

बिडाचं आयुष्य माणसाच्या आयुष्यापेक्षा लांब असतं, म्हणून वय सांगायला मला संकोच वाटत नाही. मी नव्वदी ओलांडलेली, लाकडावर चालणारी शेगडी आहे, मित्रांनो. तुमच्या ओळखीची, अंगणात कोळसे फुलवायची ती नव्हे. माझं पोट बंद असतं. पुढे दार, खाली चार वाकडे पाय आणि पाठीतून निघून छपराबाहेर जाणारं पत्र्याचं धुराडं. चार माणसं लागल्याशिवाय मी जागची हलत नाही आणि याचा मला थोडा अभिमानच आहे.

एका ओतशाळेत ओल्या वाळूच्या साच्यांत बीड ओतलं गेलं आणि साचे फोडल्यावर मी तुकड्यातुकड्यांनी बाहेर आले. तळ, पाठ, दोन कुशी, दार. ते तुकडे बोल्टांनी जोडून सांध्यांत भट्टीचं सिमेंट भरलं की झाली शेगडी. तिथून आगगाडीने मी अमेरिकेतल्या मेन राज्याच्या पार उत्तर टोकाला आले. इथे नदीपलीकडे कॅनडा लागतो आणि दोन्ही काठांना बटाटा पिकतो.

पस्तीस हिवाळे मी बटाट्याच्या कोठीत काढले. कोठी अर्धी जमिनीत पुरलेली, छताला भिडलेले बटाट्याचे ढीग आणि मधोमध मी. जास्त तापले तर बटाट्याला कोंब फुटायचे, कमी तापले तर बटाटा गोठून काळा पडायचा. बेताने तापायची सवय मला तेव्हापासूनची. कोठीचा मालक फिलियास माझ्यासमोर हात शेकत म्हणायचा, "ही बाई आमच्या बाईपेक्षा कमी बोलते आणि जास्त काम करते."

त्याची बायको थेक्ला मागेच उभी असायची. "आणि तिची राख कोण काढतं?" ती विचारायची.

मग विजेचे हीटर आले. कोठीत एक बटण दाबलं की काम व्हायला लागलं आणि मला धान्याच्या कोठारात ढकललं गेलं. आधी माझ्यावर पोती ठेवली, मग दोरखंड, मग कुणी काही ठेवायलाही येईना. छपरातून पाणी गळायचं ते नेमकं माझ्या डोक्यावर. मी लाल झाले, विस्तवाने नव्हे, गंजाने. दार अर्धवट उघडं राहिलं होतं, त्यातून एक कोंबडी आत आली आणि तिने माझ्या पोटात घरटं केलं. तिच्यामागून तिच्या मुली, नाती. काम थांबलं तरी ऊब धरायची माझी सवय सुटली नाही, एवढंच त्यातलं समाधान.

गेल्या सप्टेंबरात कोठाराचं दार उघडलं आणि एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन आत आली. तिचं नाव जिनेट. मूल म्हणजे तिची सव्वा वर्षाची मुलगी सोलांज. बरोबर नवरा एमिल आणि एमिलचे काका ऑरेल.

जिनेट का आली होती ते तिच्या बोलण्यातून कळलं. आदल्या हिवाळ्यात तारांवर बर्फ गोठून वीज गेली ती चार दिवस आलीच नाही. त्यांचं घर तापवणारी भट्टी तेलावर चालायची, पण तिचा पंखा विजेवर. टाकी तेलाने भरलेली आणि घर गार. दुसऱ्या दिवशी सोलांजचे ओठ निळसर दिसायला लागले, तेव्हा तिला कोटाच्या आत छातीशी धरून जिनेट शाळेच्या सभागृहात जाऊन राहिली. विजेशिवाय चालणारी ऊब घरात हवीच, हे तिने तिथेच ठरवलं. पण मुलगी आता चालायला लागली होती आणि तापलेलं बीड काय करू शकतं हेही जिनेटला ठाऊक होतं. ती माझ्याकडे बघत होती ती, मित्रांनो, मुलीसाठी दाई बघावी तशी.

थेक्ला आता नव्वदीची. ती काठी टेकत आली. "उचलता येत असेल तर न्या," ती म्हणाली. "कोंबडी मात्र माझी आहे."

घरी नेल्यावर अंगणात मला खोललं. तारेच्या ब्रशाने गंज खरवडताना एमिलचे हात कोपरापर्यंत विटकरी झाले. गंज वरवरचाच होता. खाली मी शाबूत होते आणि हे मी आधीच सांगितलं असतं, पण मला कोण विचारतंय. आतल्या भट्टीच्या विटा भुगा झाल्या होत्या, त्या नव्या बसवल्या. मग ऑरेलकाकांनी माझ्या पोटात दिवा ठेवून मला अंधाऱ्या शेडमध्ये बंद केलं. जिनेट जमिनीवर पालथी पडून माझ्याभोवती सरपटत फिरली. मागच्या सांध्यातून दोन जागी उजेडाची रेघ दिसली, तिथे नवं सिमेंट भरलं. दाराची फट बुजवायला काचेच्या धाग्याची नवी दोरी लावली. ती नीट बसली का हे बघायची इथली रीत म्हणजे दारात डॉलरची नोट धरून दार लावायचं आणि नोट ओढून बघायची. एमिलने ओढली. नोट हलेना.

"या घराने पैसा धरून ठेवलेला मी पहिल्यांदाच पाहतोय," ऑरेलकाका म्हणाले.

शेवटी काळं पॉलिश चढलं आणि पहिले तीन विस्तव अंगणातच पेटवले, नव्या पॉलिशचा धूर घरात नको म्हणून. मी चकाकत होते. मला वाटलं, आता थेट आत. पण जिनेट दारात हात बांधून उभी राहिली.

"काका, आधी ऐका. भिंतीपासून तीन फूट लांब. खाली विटांचा चौथरा. चारी बाजूंनी कठडा. आणि विषारी वायू साचला की वाजणारी घंटा, वर एक, खाली एक."

"दोन घंटा? सूनबाई, आपल्या चर्चला एकच आहे."

"चर्चमध्ये माझी मुलगी झोपत नाही. आणि आणखी एक. शेगडीतलं काहीही घरात आलं, धूर म्हणा, ठिणगी म्हणा, तर ती त्याच दिवशी भंगारात जाईल. मग मला कुणी समजवायचं नाही."

एमिलने मान हलवली. मीही हलवली असती. अट कडक होती, पण वाजवी होती. आणि मला स्वतःची खात्री होती.

धुराडं बसवलं ऑरेलकाकांनी. गावात हे काम तेच करायचे, वडिलांकडून शिकलेले. धुराडं एकसंध नसतं, हातभर लांबीच्या नळ्या एकात एक सारून ते उभं राहतं. प्रत्येक नळीचं एक तोंड सपाट आणि दुसऱ्या तोंडाला बारीक चुण्या पाडून ते जरा निमुळतं केलेलं असतं. काकांनी चुण्यांचं तोंड वर ठेवलं आणि त्यावर पुढची नळी टोपीसारखी चढवली. एमिलने विचारलं, हे असंच असतं का?

"धूर कुठे जातो? वर. मग निमुळतं तोंड कुठे हवं? वर. सुरळीत निघून जातो, कुठे अडत नाही. तीस वर्षं बसवतोय मी."

ऑक्टोबर संपताना मी पेटले. दोन वर्षं वाळवलेला मेपल होता. घर तासाभरात सैल झालं. सोलांज कठड्याबाहेर बसून माझ्याकडे बघत टाळ्या वाजवायची. जिनेटने माझ्या डोक्यावर तवा ठेवून कुट्टूचे पिवळसर घावन केले. ते इकडे उलटायचे नसतात, वरून जाळी पडू द्यायची आणि लोणी लावायचं. एकंदरीत मी घरात रुळले होते.

दहाव्या दिवशी सकाळी जिनेट धुराड्यासमोर थांबली. खालून दुसऱ्या सांध्यातून एक काळी, चिकट धार बाहेरून ओघळली होती. तिला उग्र, जळका वास येत होता. झोपताना लाकूड भरून हवा कमी करायची आणि रात्रभर धुमसू द्यायचं, ही इथली पद्धत. धुमसत्या लाकडाचा धूर वरच्या गार पत्र्याला लागला की त्याचा डांबरासारखा रस होतो आणि तो खाली उतरतो. तोच हा रस. पण तो आतूनच उतरून माझ्या विस्तवात जळून जायला हवा होता.

ओघळ पाहताच मला भंगाराचा ट्रक दिसायला लागला.

काका कॉफीला आले होते. त्यांनी बसल्या जागेवरून पाहिलं. "हां. रडायला लागलं होय. नवं धुराडं रडतंच. डबा बांध."

"डबा?"

"पत्र्याचा. सांध्याखाली तारेने बांधायचा. आठवड्याला रिकामा करायचा. कुणाच्याही घरी जा, डबा दिसेल."

खरं होतं. गावातल्या घराघरांत धुराड्याला डबा होता. लोकांना तो शेगडीचाच भाग वाटायचा. थेक्लाच्या डब्यावर तर निळी फुलं रंगवलेली होती.

"हा रस पेट घेतो, काका," जिनेट म्हणाली.

"डब्यात कसा पेट घेईल?"

"डब्यात नाही. पत्र्यावर. आतून आग आणि बाहेरून हा ओघळ." तिने सोलांजला उचलून कडेवर घेतलं. "मी सांगितलं होतं, काहीही घरात आलं तर."

 मी भंगारात जायची तयारी केली. पण, मित्रांनो, जिनेटची एक गोष्ट मी तेव्हा ओळखली. ती घाबरायची खूप, पण घाबरली की तोंड फिरवायची नाही, आणखी जवळ येऊन बघायची. तिने सांधा बघितला. मग कोपऱ्यात उरलेल्या दोन नळ्या घेतल्या, काकांनी जोडल्या तशाच जोडल्या, एमिलला परातीवर उभ्या धरायला लावल्या आणि वरून आतल्या भिंतीला लागून तांब्याभर पाणी सोडलं.

सांध्यातून पाणी बाहेर आलं आणि एमिलच्या मोज्यांवर पडलं.

तिने नळ्या काढल्या, पालथ्या केल्या. आता चुण्यांचं तोंड खाली, खालच्या नळीच्या आत. पुन्हा पाणी सोडलं. सगळं आतून उतरून परातीत पडलं. सांधा बाहेरून कोरडा.

"धूर वर जातो काका, तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली. "पण त्याचं पाणी खाली येतं."

ऑरेलकाकांनी परातीत पाहिलं. मग माझ्याकडे. कॉफी तशीच ठेवून त्यांनी टोपी घातली आणि बाहेर गेले. जिनेटचा चेहरा उतरला. "मी फार लागेल असं बोलले का?" तिने एमिलला विचारलं.

"माझे मोजे भिजले," एमिल म्हणाला. "बाकी ठीक होतं."

पाच मिनिटांनी काका ट्रकमधून हातमोजे आणि पक्कड घेऊन परत आले. "विझली का ती?" एवढंच विचारलं. मी थंड झाल्यावर त्यांनी माझं धुराडं वरपासून खालपर्यंत उतरवलं, अंगणात नेऊन घासलं आणि एकेक नळी पालथी करून पुन्हा चढवली. जिनेटने प्रत्येक सांध्यावर टॉर्च धरला. मग मी पेटले. ती आठवडाभर रोज सकाळी पांढरा रुमाल घेऊन सांधे पुसायची. रुमाल पांढराच राहिला. भंगाराचं नाव पुन्हा निघालं नाही.

पण गोष्ट इथे थांबली नाही. आठव्या दिवशी जिनेट काकांसमोर कागद घेऊन बसली. "तुम्ही कुणाकुणाकडे धुराडी बसवलीत, सांगा."

"कशाला?"

"त्यांच्या घरांतही पोरं झोपतात."

 काका बोटांवर मोजत नावं सांगायला लागले. अकरा झाली. "काय सांगू मी त्यांना? तीस वर्षांनी?"

"माझं नाव सांगा. सूनबाई वेडी आहे म्हणावं, तिने पाठवलंय."

ते आठवडाभर हिंडले. संध्याकाळी काळेकुट्ट हात घेऊन माझ्यासमोर बसायचे आणि सांगायचे. एका घरी नळीत बोटभर जाडीचा थर निघाला. एकाने दारातच अडवलं, त्याच्या बायकोने आत घेतलं. थेक्ला फुलांचा डबा द्यायला तयार नव्हती, तिने त्यात पेन्सिली ठेवल्या.

"अकरा झाली," शेवटच्या दिवशी ते म्हणाले.

"आणि तुमचं घर?" जिनेटने विचारलं.

"माझ्याकडे कोण पोर आहे? मी एकटा."

"तुम्ही आहात ना."

तिने सोलांजला एमिलकडे दिलं, कोट चढवला आणि टॉर्च घेऊन दारात उभी राहिली. काका पुटपुटत उठले. ते पुटपुटणं काय होतं ते मला ऐकू आलं नाही, पण त्यांनी जाताना पक्कड घेतली.

मित्रांनो, म्हातारी वस्तू वाईट नसते आणि नवी झाली म्हणून निर्धोक नसते. आम्हाला पॉलिश करा, आम्हाला ते आवडतं. पण त्यापेक्षा आमच्याकडे बघा. रोज बघा. काही गळत असेल तर त्याखाली डबा बांधून मोकळे होऊ नका. कुठून गळतंय ते शोधा, मग ती बसवणारा हात कितीही वर्षांचा असो, नळी पालथी करा.

काका आणि जिनेट परत यायला दोन तास लागले. तोवर मी घराची ऊब धरून होते.