रोहण्याची आतली बाजू

काजलच्या भावाचं, गोपालचं, हिंगणघाटला हायवेलगत गॅरेज. काम आटोपलं की तो मोबाइलवर मोटारींच्या जुन्या शर्यती लावायचा आणि आजोबा बापूजी त्यात हटकून नाक खुपसायचे.

"पाहा बापूजी, चाळीस वर्षांआधीचं हाय. चाकाले चाक घासून राह्यलं, तरी कोणी हटत नाई. आता म्हणे बाजूले गाडी आली की तिच्यापुरती जागा सोडा. मजाच गेली," गोपाल एकदा म्हणाला.

"काऊन गेली?" काजल म्हणाली. "जागा सोडतात म्हणून तर दोघं शेवटपर्यंत सोबत पळतात. तुझ्या जुन्या लढाया एका वळणात खतम. एक पुढं, एक नालीत."

बापूजींना दोघांचंही पटायचं नाही. त्यांच्या लेखी खरी झुंज एकच, रोहणा गावच्या शंकरपटातली, बैलांच्या शर्यतीतली. तो पट इतर गावांसारखा सरळ नव्हता, नाल्यापाशी वळायचा. दोन छकडे, दोन बैलजोड्या, मधे हातभर अंतर. मात्र वळणाची आतली बाजू यजमान गावाची. पाहुण्यानं तिथं शिरायचं नाही, असा रिवाज. बापूजी तिथं पाहुणे म्हणून छकडा पळवायला गेले, तेव्हा त्यांनी तो पाळला होता.

"मंग तुम्ही हरले," काजल म्हणायची.

"मान राखला."

"म्हणजे हरलेच."

पुढं रोहण्याच्या त्याच वावरात मोटरसायकली पळू लागल्या, पण रिवाज तोच. माणसाची खोड मेल्यावर तरी जाते, गावाची तेव्हाही जात नाही.

यंदा चणा निघाल्यावर काजलनं तिथं नाव दिलं. समितीचा अध्यक्ष प्रेमदास म्हणाला, महिलांसाठी वेगळी फेरी ठेवू, साडी आणि कुकर देऊ. नाव देणारी बाई ही एकटीच. "एकटी पळून मी कोणाले हरवू?" तिनं विचारलं आणि पुरुषांच्या रांगेत गाडी लावली. एकेकाला मागं टाकत ती शेवटच्या जोडीत आली. समोर रोहण्याचा धर्मेंद्र.

"आतून जायचं नाई पोरी," प्रेमदासनं बजावलं. तिनं गाडी सुरुवातीच्या रेघेवर नेली.

झेंडा पडला. धर्मेंद्र जोरात सुटला आणि आतून कोणी येणारच नाही या भरवशावर वळणावर ऐसपैस बाहेर गेला. आतली बाजू सताड उघडी पडली. काजलला प्रेमदासनं बजावलेलं आठवलं. पण असली वाट कोणी केवळ पाहुणी म्हणून सोडावी? तिनं गाडी आत घातली. धर्मेंद्र दचकला, पण हटला नाही. त्याच्यापुरती जागा तिनं ठेवली, त्याहून इंचभर जास्त नाही. हँडलला हँडल लावून दोघं नाल्याकाठची धूळ उडवत आले आणि काजलचं पुढचं चाक शेवटच्या रेघेवर आधी पोचलं. लोक उभे राहून ओरडत होते, त्यात रोहण्याचेही होते.

प्रेमदासनं माइक घेतला आणि धर्मेंद्रला विजयी जाहीर केलं. "रिवाज मोडला. ताईले साडी-कुकर देऊन टाकू."

काजलला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. तिनं गाडी फिरवली, पुन्हा सुरुवातीच्या रेघेवर आणून उभी केली. इंजिन बंद केलं नाही. "पुन्हा लावा," ती म्हणाली. "नाई लावत तवर मी इथून हालत नाई."

प्रेमदास शर्यत पाहायला आलेल्या बापूजींकडे वळला. "समजवा नातीले. तुम्ही तर राखला होता मान."

बापूजी काठी टेकत पुढं आले. "बैलायनं तोंड घातलं होतं आत," ते म्हणाले. "म्याच कासरा ओढला. बैलायले काय मालूम मान? ते जिंकून राह्यले होते बिचारे."

गर्दीतून धर्मेंद्र गाडी ढकलत आला. गळ्यातला हार काढून त्यानं प्रेमदासच्या टेबलावर ठेवला आणि काजलच्या शेजारी रेघेवर उभा राहिला. प्रेमदासनं माइकवर त्याचं नाव दोनदा घेतलं. त्यानं मान वळवली नाही.

"या वेळी मी आतून वाट ठेवणार नाई," तो काजलला म्हणाला.

"नको ठेवू."

प्रेमदासनं झेंडा पाठीमागं लपवला. मग काजलनंच मोठ्यानं मोजायला सुरुवात केली.