धुवणाची चव

आत्याच्या तोंडाची चव गेली ती तापात. ताप उतरला, खोकला थांबला, चव मात्र परत आली नाही. पहिल्यांदा तिला वाटलं, येईल, जाऊन जाऊन जाणार कुठे. पण थंडी सरली, अंगावरची शाल पेटीत गेली, तरी तोंडात पडेल ते ओल्या पुठ्ठ्यासारखंच लागत होतं. हे तिने कुणालाही सांगितलं नाही. दुसरी एखादी असती तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं आणि डॉक्टरपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना जीभ काढून दाखवली असती. आत्याला ते परवडणारं नव्हतं. या घरात तिला जी काही किंमत होती ती या जिभेमुळे, अशी तिची पक्की समजूत होती.

भाच्याचा धंदा रोपांचा. घरामागे प्लास्टिकची लांबलचक शेड, आत फळ्यांवर ट्रे, आणि ट्रेच्या एकेका कप्प्यात एकेक रोप. कप्प्यांत माती नसते, कोकोपीट असतं, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा. तो दाबलेल्या विटा होऊन येतो आणि पाण्यात टाकला की फुगतो. पुष्कळदा सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतात, त्यामुळे भुशात मीठ उरतं. ते धुऊन काढलं नाही तर बी उगवतं, पण रोप धड जगत नाही आणि धड मरतही नाही.

किती धुवायचं ते आत्या ठरवायची. पिंपाच्या तळातून निथळणारं पाणी ओंजळीत घ्यायचं, जिभेला लावायचं आणि थुंकायचं. ती "खारट" म्हणाली की आणखी एक पाणी. "गोड" म्हणाली की भाचा ट्रे भरायला घेणार. नवऱ्यामागे ती भावाकडे राहायला आली तेव्हापासून हे काम तिचं होतं, आणि भाऊ गेल्यावरही ते तिच्याकडेच राहिलं. दुकानदार मीठ मोजायचं यंत्र गळ्यात मारायला आला तेव्हा भाचा म्हणाला होता, "आमच्याकडे आहे की यंत्र. त्याला बॅटरी लागत नाही, दोन वेळा चहा लागतो." आत्या वरवर चिडली होती. आतून तिला इतकं बरं वाटलं होतं की त्या दिवशी तिने भाच्याचे सगळे सदरे इस्त्री करून ठेवले.

तापानंतर तिने अंदाजाने निभावून नेलं. नेहमीच्या विटा तीन पाण्यांत स्वच्छ होत. ती तीन पाणी होऊ द्यायची, ओंजळ तोंडाला लावायची, थोडा विचार केल्यासारखं करायची आणि "गोड" म्हणायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. मग विटांचा व्यापारी बदलला. नव्या विटा जरा काळपट होत्या. आत्याने त्यांनाही तीन पाणी दिलं.

ढोबळी मिरची उगवली छान, आणि दोन पानांवर येऊन अडली. पानांच्या कडा तपकिरी झाल्या, जणू कुणी काडी ओढून शेकल्या. भाचा हवालदिल झाला. आधी त्याने उजेडावर खापर फोडलं आणि सगळे ट्रे शेडच्या पुढच्या टोकाला हलवले. मग बुरशीचा संशय आला, म्हणून पांढरी पूड मारली. मग त्याला आठवलं की कोकोपीटमध्ये स्वतःचं अन्न काहीच नसतं, रोपं उपाशी असतील. त्याने खताचं पाणी दिलं. पानं आणखी करपली. दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला, असा सगळा प्रकार. प्रत्येक उपायाच्या वेळी आत्या देवाला हात जोडायची की हाच लागू पडू दे. तिला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणायचं? ठाऊक होतं. पण माणूस आशा करतो, त्याला काय करणार.

शेवटी भाच्याने एक ट्रे उचलून पाहिला, कप्प्यातला भुसा चिमटीत दाबला आणि पाणी ठिबकलं. झालं, गुन्हेगार सापडला. रोज पाणी घालायचं काम सुनेचं, म्हणजे त्याच्या बायकोचं.

"वरून सुकलेलं दिसतं म्हणून ओतत सुटतेस. खाली चिखल झालाय बघ," तो म्हणाला. "मुळं गुदमरून मेली."

"तुम्ही सांगितलं तेवढंच घालते मी," सून म्हणाली.

"मग काय रोपांनी आपणहून जीव दिला?"

आत्या तिथेच कप्पे पुसत बसली होती. ती पुसतच राहिली. स्वतःची लाज वाटली तिला.

सून मात्र गप्प बसणारी नव्हती. शेडच्या कोपऱ्यात एक नळ गळायचा आणि त्याच्याखाली सरकलेला एक ट्रे दिवसरात्र भिजत होता. पाण्याने रोपं मरायची असती तर सगळ्यांत आधी ती मेली असती. ती तर हिरवीगार होती. सून त्या ट्रेपुढे बराच वेळ उभी राहिली. पाणी बाधत नव्हतं. उलट, वाहत्या पाण्याने भुशातलं काहीतरी धुऊन नेलं होतं.

दुपारी भाचा बाहेर गेला तेव्हा ती वाटी घेऊन आत्याजवळ आली.

"आत्या, हे जरा बघता? पिंपातलं आहे."

आत्याने बोट बुडवून जिभेला लावलं. "गोड आहे."

"नक्की?"

"अगं, जन्म गेला माझा यात."

सून खाली बसली. आवाज चढवला नाही. "मी यात चमचाभर मीठ ढवळलंय, आत्या."

आत्याला रडू नाही आलं, राग आला. या कालच्या पोरीने आपली परीक्षा घ्यावी. मग रागही ओसरला.

"कधीपासून?" सुनेने विचारलं.

"तापापासून," आत्या म्हणाली. "त्याला सांगणार आहेस?"

"मी नाही सांगणार. तुमचं तुम्ही बघा." सून वाटी घेऊन उठली. तिच्या आवाजात माया होती की कंटाळा, ते आत्याला कळलं नाही.

संध्याकाळी जेवताना भाच्याने निकाल दिला. सगळे ट्रे फेकायचे, उद्या नव्याने सुरुवात. "आणि तू शेडमध्ये पाय टाकायचा नाहीस," तो बायकोला म्हणाला. "धुण्यापासून पाण्यापर्यंत सगळं आत्या बघेल. तिच्यावर तरी मला भरवसा आहे."

सून ताटात बघत राहिली. आत्याने हातातला घास परत ताटात ठेवला.

सकाळी नव्या विटा भिजल्या, दोन पाणी झालं. भाचा खुरपं घेऊन ट्रेशी तयार उभा. आत्याने ओंजळ धरली. पाणी गार होतं, एवढंच तिला कळलं. खारट म्हणावं, पुन्हा खारट म्हणावं, दिवसभर धूत राहावं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण पुढच्या खेपेला काय, आणि तेव्हा बोल कुणाला लागणार? स्वयंपाकघराच्या दारात सून उभी होती. उंबरठ्याच्या आत.

"गोड ना?" भाच्याने विचारलं.

"मला कळत नाही रे."

"म्हणजे अजून खारट?"

"म्हणजे मला चवच लागत नाही. तापापासून. मागच्या खेपेला मी अंदाजाने बोलले. तिची चूक नव्हती."

तो ओरडेल याची तिने तयारी केली होती. तो ओरडला असता तर ती भांडली असती, रडली असती, दोन दिवस जेवली नसती आणि मग सगळं सुरळीत झालं असतं. तो ओरडला नाही. त्याने खुरपं खाली ठेवलं, स्वतःचं स्टूल तिच्यापुढे सरकवलं आणि म्हणाला, "बस तू." मग बायकोला हाक मारली.

सुनेने ओंजळ धरली, चाखलं आणि थुंकली. "खारट," ती म्हणाली. भाच्याने लगेच पिंप उपसायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी आत्याला उठवायला कुणी आलं नाही. जाग तिला नेहमीच्या वेळीच आली. शेडमधून बादल्यांचा आवाज येत होता, मधूनच सुनेचा. आत्या उठून बसली, पाय खाली सोडले आणि मग कुठे जायचं ते न सुचल्याने तशीच बसून राहिली.

भाचा चहा घेऊन आत आला. या घरात तिला बसल्या जागी चहा कधी मिळाला नव्हता.

"उठू नकोस," तो म्हणाला. "पड निवांत. आता तुला कसली घाई आहे?"

तिने कप घेतला. तो दाराशी थांबला होता.

"साखर पुरे ना?" त्याने विचारलं, आणि विचारल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो खिडकीकडे बघू लागला.

"पुरे आहे," आत्या म्हणाली, आणि तो उभा होता म्हणून सगळा चहा संपवला.