बटणांचे साचे

"साचे भंगारात गेले," मामा न्यायाधीशांना म्हणाला, आणि दुभाषी म्हणून बसलेल्या त्याच्या भाचीनं ते परदेशी बाईंना त्यांच्या भाषेत जसंच्या तसं सांगितलं. आवाज जराही हलला नाही. तिची तिलाच शरम वाटली.

साचे तिच्या पलंगाखाली होते. पितळी, बटणांचे, दोनशे बारा. बटणांच्या कारखान्याच्या मालक कंपनीचं परदेशात दिवाळं निघालं, तिथल्या कोर्टानं या बाईंना मालमत्ता गोळा करायला धाडलं, आणि त्यांना मदत म्हणून इथल्या कोर्टानं स्टोअरकीपरची, म्हणजे मामाची, साक्ष ठेवली. मामाच्या डोक्यात एकच: तीस वर्षं पुसूनपुसून जपलेलं पितळ ही माणसं वजनावर विकणार! आणि भाचीनं काय करावं? सकाळी कोर्टाच्या फॉर्मवर 'साक्षीदाराशी नातं नाही' असं लिहून खुशाल सही ठोकली. ज्यानं लहानाचं मोठं केलं, त्याच्याशी नातं नाही म्हणे.

बाईंनी वही मिटली आणि त्या हळू आवाजात काही बोलल्या. भाची मामाकडे वळली.

"त्या म्हणतात, एक गिऱ्हाईक मिळालं होतं. साठ कामगारांसकट कारखाना चालवणार होतं. पण त्याला हे साचेच हवे होते. आता टाळं लावावं लागेल."

मामाचा चेहरा पडला. करायला गेला एक, झालं भलतंच. त्यानं पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच ठेवला.

"साहेब, खोटं बोललो मी. साचे आहेत. माझ्या भाचीच्या घरी. तिला बिचारीला काही माहीत नाही. जुनी भांडीकुंडी आहेत असं सांगून ठेवले मी."

धरणीनं पोटात घ्यावं असं तिला झालं. तरी तिनं शब्द न् शब्द सांगितला, 'बिचारी'सकट. बाईंचा चेहरा खुलला. त्यांनी लगेच विश्वास ठेवला.

"भाचीचा पत्ता?" कारकुनानं विचारलं.

मामा टेबलाकडे बघत राहिला. "आठवत नाही हो. वय झालं."

"अहो, सख्ख्या भाचीचा पत्ता?" न्यायाधीश म्हणाले.

"छापखान्यामागची इमारत, तिसरा मजला, खोली सात," दुभाषी म्हणाली.

कारकुनाची बोटं थांबली. "तुम्हाला कसं माहीत?"

"किल्ली माझ्या पर्समध्ये आहे."

मामानं डोळे मिटले. मग तिला बाईंकडे वळावंच लागलं. त्या अजून हसत, आता काय ठरलं ते ती सांगेल म्हणून थांबल्या होत्या.