पेटीखालचा चुगलखोर

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. किराणा दुकानात असतो तसला नव्हे. माझ्यावर कुणी साखर ठेवत नाही की बटाटे ठेवत नाही. गेली कित्येक वर्षं एका टेकडीच्या उतारावर, एका मधपेटीखाली मी आडवा पडून आहे. माझ्या अंगावर पेटी, पेटीत मधमाश्या, आणि माझ्या पोटात एक बॅटरी, एक सिमकार्ड आणि बोटभर लांबीचा अँटेना. पेटीचं वजन करायचं आणि ते दूर राहणाऱ्या माणसाला कळवायचं, हे माझं काम. ते मी चोख करतो. आपली स्तुती आपणच करू नये हे मला ठाऊक आहे, पण इथे माझ्याबद्दल बोलायला दुसरं कोणी नाही. माश्यांना तर मुळीच वेळ नाही.

माझा जन्म एका लहानशा वर्कशॉपमध्ये झाला. लांबलचक टेबलावर आम्ही भावंडं ओळीने पडलेलो असायचो. आमची जोडणी करणारी बाई डोळ्यावर भिंग चढवून एकेकाच्या पोटात तारा डागायची, झाकण लावायची आणि चार स्क्रू पिळायची. पिळताना दर वेळी एकच वाक्य पुटपुटायची, "कमी बोल, खरं बोल, आणि समोरच्याला ऐकू जाईपर्यंत बोल." पोराला पहिल्यांदा परगावी पाठवताना आई सांगते ना, तसं. माझी भावंडं कुठे कुठे गेली. कुणी पाण्याच्या मीटरमध्ये बसलं, कुणी रस्त्यावरच्या दिव्यात, कुणी गाईच्या गळ्यात. एक बिचारं कचऱ्याच्या डब्यात गेलं, पण तेही मजेत असणार. आम्ही तक्रार करणाऱ्यांतले नाही.

आता तुम्ही विचाराल, वजनकाटा बोलतो कसा? तुमच्या घरातला मोबाईल ज्या टॉवरशी बोलतो, त्याच टॉवरशी मीही बोलतो. पण मोबाईलचं तोंड दिवसभर चालूच असतं, म्हणून त्याला रोज चार्जिंगला लावावं लागतं. आमचं तसं नाही. मोठ्या रस्त्याच्या कडेने पायवाट असावी तसा टॉवरने आमच्यासाठी एक अरुंद पट्टा राखून ठेवला आहे. त्या एवढ्याशा वाटेवरून आमच्यासारखी हजारो यंत्रं आपापला निरोप नेतात, आणि कुणी कुणाच्या पायात येत नाही. प्रत्येकाचं बोलणं जेमतेम चार शब्दांचं. बोलून झालं की झोपायचं.

ही झोपही साधीसुधी नसते. मी झोपलो की टॉवरने कितीही हाका मारल्या तरी मला ऐकू येत नाहीत. माझ्यासाठी निरोप आला तर मी जागा होईपर्यंत टॉवर तो सांभाळून ठेवतो. शिवाय आमचा टॉवर पलीकडच्या टेकडीच्या आड आहे. माझा आवाज तिथवर पोचतो तो अगदी क्षीण होऊन. म्हणून मी तेच ते पुन्हा पुन्हा सांगतो. टॉवर त्यातले ऐकू आलेले तुकडे जोडून माझं म्हणणं समजून घेतो. असा समजूतदार श्रोता माणसांतही क्वचित मिळतो.

या उतारावर मला आणलं ते मधवाल्या आजोबांच्या लेकीने. ती बऱ्याच लांबच्या शहरात राहते. तिचं चष्म्याचं दुकान आहे. एकटे राहणारे वडील आणि त्यांच्या पेट्या या दोन्हींची तिला काळजी. आजोबांनी मला पाहिलं आणि नाक मुरडलं.

"वजन करायला हे कशाला? माझा हात आहे की," ते म्हणाले.

त्यांचं खोटं नव्हतं. रोज सकाळी ते पेटीमागे उभे राहत, मागच्या कडेखाली बोटं घालत आणि पेटी जराशी उचलून पाहत. मध किती आहे, माश्यांचं पोट भरेल की नाही, ते त्यांना हाताला कळायचं. "हं" म्हणायचे आणि पेटी हळूच टेकवायचे. आता गंमत ऐका. पेटी चोरीला जाऊ नये म्हणून मला एक शिकवण दिलेली होती. कुणी पेटी उचलली की झोपेतून ताडकन उठायचं आणि लगेच कळवायचं. पहिल्याच सकाळी आजोबांनी बोटं घातली आणि मी इमानाने खबर दिली. तिकडे दुकानात लेकीचा फोन वाजला. तिने घाबरून आजोबांना फोन लावला.

"बाबा, पळा! कुणीतरी पेटी चोरतंय!"

"मीच तो चोर," आजोबा म्हणाले. "चहा व्हायचाय अजून माझा."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आजोबांनी माझं नाव चुगलखोर ठेवलं. शेवटी लेकीने वैतागून ती चोरीची सूचना बंदच करून टाकली. माझं वजनाचं काम मात्र सुरू राहिलं. हळूहळू आजोबांचाही माझ्यावर विश्वास बसला. हाताने उचलून झालं की ते चष्मा लावून फोनवर माझा आकडा पाहत आणि म्हणत, "चुगलखोराचं आणि माझं जमतंय." ते ऐकून मला केवढा आनंद व्हायचा!

मग एका ओल्या सकाळी आजोबा उतारावरून घसरले आणि मांडीचं हाड मोडून बसले. लेक धावत आली. ऑपरेशन झाल्यावर त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. बाकीच्या पेट्या दुसऱ्या एका मधवाल्याला देऊन टाकल्या. एक पेटी मात्र आजोबांनी हट्टाने ठेवली. ती माझ्यावरची. तिच्यातली माश्यांची वसाहत सगळ्यांत जुनी होती.

यापुढचं मला कसं कळलं, ते आधी सांगतो. आजोबांना पेटीपाशी बसून माश्यांना सगळं सांगायची सवय आहे, आणि मी माश्यांच्या खालीच असतो.

लेकीच्या घरी दोघांत एक करार झाला. "थंडी संपेपर्यंत पेटी जगली तर तुम्ही परत जा," लेक म्हणाली, "मी अडवणार नाही. पण पेटी मेली तर तुम्ही इथेच राहायचं, कायमचं." आजोबांनी मान डोलावली. लेकीने त्यांच्यासाठी कपाटाचे दोन कप्पे रिकामे करून दिले होते. आजोबांनी त्यात एक रुमालसुद्धा ठेवला नाही. बॅग भरलेलीच, पलंगाच्या पायथ्याशी. आपलं घर, आपला उतार, आपली सकाळ, सगळं आता त्या एका पेटीवर अवलंबून होतं, आणि पेटीची खबर देणारा एकटा मी.

थंडीत फुलं नसतात, मित्रांनो. माश्या पेटीत एकमेकींना चिकटून बसतात आणि साठवलेला मध खाऊन ऊब धरतात. वजन रोज थोडं थोडं उतरत जातं. तेव्हा झाकण उघडून बघायचीही सोय नाही. आतली ऊब गेली तर जगलेल्या माश्याही मरतात. आजोबांचा जीव टांगणीला लागला. दिवसातून दोनदा येणारा आकडा त्यांना पुरेना. त्यांनी लेकीच्या मागे लागून मला निरोप धाडला, "दर पाच मिनिटांनी वजन कळव." मी जागा झालो तेव्हा टॉवरने तो निरोप माझ्या हातावर ठेवला. मी पडलो हुकमाचा ताबेदार. बोलू लागलो. झोप नाही, विसावा नाही, गोठवणारी थंडी, आणि तेच तेच वजन शंभरदा टॉवरला सांगायचं. वर्षानुवर्षं पुरणारी बॅटरी काही आठवड्यांत तळाला गेली.

गंमत अशी, की इकडे आजोबा मला छळत होते आणि तिकडे लेक दुकानातून आजोबांना. गिऱ्हाईकाला "खालची ओळ वाचा बघू" म्हणायची आणि दुसऱ्या हाताने फोन लावायची. गोळी घेतली का? जेवलात का? काठी घेऊनच चालताय ना?

"मी काय गॅसवर ठेवलेलं दूध आहे का," आजोबा चिडून म्हणाले, "सारखं सारखं बघायला?"

"मग तुम्ही पेटीला सारखं काय विचारता?" लेक म्हणाली.

 त्याच आठवड्यात मी गप्प झालो.

घाबरू नका, मी संपलो नव्हतो. त्या वर्कशॉपमधल्या बाईने मला आणखी एक गोष्ट शिकवून ठेवली होती. बॅटरी तळाला गेली की रोजचं बोलणं बंद करायचं, वजन तेवढं करत राहायचं, आणि उरलेला जीव खरंच काही घडेल त्या क्षणासाठी राखायचा. पण हे आजोबांना कुठे ठाऊक? लेकीने जोडणी करणाऱ्या बाईला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही त्याला झोपूच दिलं नाहीत हो. आता तो पुन्हा बोलेल की नाही, पेटी जगलीय की मेली, इथून काय सांगणार?"

आजोबांनी फोनवरचा शेवटचा आकडा पुन्हा पुन्हा पाहिला. पेटीत मध फारच थोडा उरला होता. संध्याकाळी लेक घरी आली तेव्हा पलंगाच्या पायथ्याची बॅग रिकामी होती. आजोबांचे सदरे कपाटाच्या कप्प्यात घडी घालून ठेवलेले होते. लेकीला हेच तर हवं होतं. तरी ते सदरे पाहून ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. त्या रात्री जेवताना दोघांनी ठरवलं, की यापुढे दुकानातून फोन करायचा तो दिवसातून एकदाच, दुपारी जेवणाच्या वेळी. आजोबा म्हणाले, "कर तुला हवे तेवढे. मला आता कुठे जायचंय?" तरी दुसऱ्या दिवसापासून तिने ठरल्याप्रमाणे एकदाच फोन केला.

आणि मग, मित्रांनो, माझा दिवस उजाडला. थंडी ओसरली होती. उतारावर लख्ख ऊन पडलं, आणि माझ्या अंगावरचा भार एकाएकी किंचित हलका झाला. मध खाल्ल्याने वजन इतक्या झटकन उतरत नाही. मी काहीच बोललो नाही. अर्धवट बातमी द्यायची माझी पद्धत नाही. ऊन कलेपर्यंत मी थांबलो. तेव्हा भार पुन्हा वाढला, आणि होता त्याहून कणभर जास्तच झाला. माझी खात्री पटली. विश्रांतीने बॅटरीत थोडी धुगधुगी आली होती. तेवढ्यावर मी बोलायला लागलो. पहाटेचं वजन, ऊन पडल्यावरचं वजन, संध्याकाळचं वजन. एकदा, दहादा, पन्नासदा. टॉवरला ऐकू जाईना. मी थांबलो नाही. जीव जायला आला तेव्हा टॉवरने निरोप उचलला, आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधार झाला.

दुकानात लेक एका बाईंच्या नाकावर नवी फ्रेम बसवत होती. फोन वाजला. तिने आकडे पाहिले. इतके आठवडे वडिलांच्या खांद्यावरून आकडे पाहून तिलाही आता ते वाचता येऊ लागले होते. तिने फ्रेम काढून काउंटरवर ठेवली, गिऱ्हाईकाला म्हणाली, "एक मिनिट हं," आणि घरी फोन लावला.

"दुपारी केला होतास ना फोन?" आजोबा म्हणाले. "ठरलंय ना आपलं, एकदाच?"

"हा माझा फोन नाही बाबा. पेटीचा आहे."

आजोबांनी फोन कानाशी घट्ट धरला.

"सकाळी वजन कमी झालं," ती म्हणाली, "आणि संध्याकाळी परत आलं. थोडं वाढूनच. बाहेर गेल्या होत्या बाबा, आणि घरी आल्या. काहीतरी घेऊन आल्या."

पलीकडे कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. मग आजोबांनी विचारलं, "अगं, माझी बॅग कुठे ठेवलीस?"

"माळ्यावर," लेक म्हणाली. "मी आल्यावर काढून देते. तुम्ही स्टुलावर चढू नका."

शब्द दिला होता, तो तिने पाळला. तिला वाईट वाटत होतं, आणि तरी ती आजोबांना स्वतः सोडायला आली. तिनेच माझं झाकण उघडून नवी बॅटरी घातली. दिवसातून दोनदाच बोलायचं, असं ठरवून दिलं. मग माश्यांची गडबड पाहत ती थोडा वेळ उभी राहिली, आणि आजोबांचं लक्ष नाहीसं बघून तिने फोनवर आणखी एक गोष्ट केली. ती चोरीची सूचना पुन्हा सुरू केली.

आता रोज सकाळी काठी टेकत आजोबा येतात. काठी पेटीला टेकवून ठेवतात, मागच्या कडेखाली बोटं घालतात आणि पेटी जराशी उचलतात. मी ताडकन उठतो आणि कळवतो. दूरच्या शहरात एक बाई दुकानाचं शटर वर करत असते, तेव्हा तिचा फोन वाजतो. शेजारचा दुकानदार विचारतो, "काय हो, चोर पकडला का?" ती म्हणते, "हो, आला," आणि निवांतपणे आत जाते. दिवसभरात एकदाही फोन करत नाही. त्या एका जादा निरोपाला बॅटरी लागते, पण तेवढा खर्च मला आनंदाने परवडतो.

मित्रांनो, माझी आता झीज झाली आहे. एक कोपरा गंजला आहे. तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे, की आमची काळजी घ्या, झाकण नीट लावा, बॅटरी वेळेवर बदला, आणि आम्हाला शांत झोपू द्या. आम्ही गप्प असलो म्हणजे तुम्हाला विसरलो असं नसतं.

परवा आजोबांनी पेटी उचलली, "हं" म्हणाले आणि लगेच खाली टेकवली नाही. पाय दुखत असूनही त्यांनी ती तशीच धरून ठेवली.

"गेला का रे निरोप, चुगलखोरा?" त्यांनी मला विचारलं.

गेला, आजोबा. केव्हाच गेला.