तांबडा थर

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी सेंट्रीफ्यूज थांबलं. तिने झाकण उघडलं, पहिली नळी उचलून खिडकीच्या उजेडात धरली आणि ती खाली न ठेवताच दुसरी उचलली. मग तिसरी.

मेंढीचं रक्त असं गरगर फिरवलं की तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि वर पिवळसर पाणी राहतं. तांबडा थर नळीच्या साधारण तिसऱ्या हिश्शापर्यंत यायला हवा. इथे तो पाचव्या हिश्शालाही टेकत नव्हता. एकाच नळीत असं दिसलं असतं, तर जनावर आजारी आहे म्हणून तिने ती बाजूला ठेवली असती. पण नळ्यांवर वेगवेगळ्या मेंढ्यांचे क्रमांक होते आणि थर मात्र सगळीकडे एकाच उंचीवर थांबला होता, पट्टी लावून आखल्यासारखा.

तिचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे घरी आणि प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. एक नळी मुठीत घेऊन, खांद्याने दार ढकलून ती व्हरांड्यात आली.

बाकावर दादा चहात बिस्किट बुडवत बसला होता. शेजारी बर्फाचा रिकामा डबा. तिचा हा थोरला भाऊ जनावरांचा डॉक्टर होता, शहराबाहेरच्या, मेंढ्यांच्या सरकारी फार्मवर. एरवी तो तिथल्या तिथेच रक्त फिरवायचा, वरचं पाणी टाकून द्यायचा आणि नुसत्या धुतलेल्या पेशी बर्फात घालून पाठवायचा. त्याचं यंत्र परवा जळालं, म्हणून आज पहिल्यांदाच तो आख्खं रक्त घेऊन स्वतः आला होता.

"दादा, यात पाणी घातलंस का?"

"मी डॉक्टर आहे. दूधवाला नाही."

"मग हे काय आहे?"

"रक्त."

"हे रक्त नाही, सरबत आहे."

"मग बर्फ घाल आणि पी," तो म्हणाला. बिस्किट चहात पडलं. ते काढायच्या निमित्ताने त्याने मान खाली घातली आणि नळीकडे काही पुन्हा बघितलं नाही.

ती आत गेली. तीन वाजता तिच्या कामाची पाहणी करायला समिती येणार होती. वर्षभर ती एकाच प्रश्नामागे होती: कुठल्या जनावराची तांबडी पेशी विषाला जास्त दाद देत नाही, आणि ती कुठल्या एन्झाइमच्या जोरावर. बकरी, घोडा, कुत्रा पुस्तकात लिहिल्याप्रमाणे वागले होते. फार्मवरच्या मेंढ्यांनी मात्र सगळ्यांना मागे टाकलं होतं. इतर मेंढ्यांच्या जवळजवळ दुप्पट एन्झाइम. तिचे सर त्याला आपला हुकमाचा एक्का म्हणत. आज तो एक्का समितीसमोर टाकायचा होता. तो चालला तर दर सहा महिन्यांनी भीक मागितल्यासारखी वाढवून घ्यावी लागणारी तिची नेमणूक कायम होणार होती.

तिने नळीतलं थोडं रक्त निळ्या रंगात कालवलं, वाट बघितली, काचेवर पसरलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

नुकत्याच तयार झालेल्या पेशीत या रंगाने निळं जाळं दिसतं. धडधाकट मेंढीच्या रक्तात अशी पेशी शोधूनही सापडत नाही. इथे ती जिथे बघावं तिथे होती. काच सरकवली तरी तेच. नळी बदलली तरी तेच.

म्हणजे या जनावराचं रक्त सारखं जात होतं आणि हाडातला मगज रात्रंदिवस कच्च्या पेशी बाहेर ढकलून खड्डा भरत होता. नव्या पेशीत एन्झाइमचा जोर असतोच. पेशी जुनी होते तसा तो ओसरतो. मेंढीची जात वेगळी नव्हती. तिचं रक्त तेवढं कोवळं होतं.

हे वर्षभर का दिसलं नाही, तेही तिला कळलं. एन्झाइम मोजायचं ते हिमोग्लोबिनच्या हिशेबात, त्यामुळे रक्त पातळ असलं तरी आकडा तसाच खणखणीत. आणि पेशी तर फार्मवरूनच धुऊन यायच्या. ती पद्धत तिनेच लिहिली होती. सुई कुठली, बर्फ किती, झाकण कसं, सगळं काटेकोर. तांबडा थर किती उंच बसला हे बघायला मात्र तिने कुणालाच जागा ठेवली नव्हती.

नळी मुठीत घेऊन ती पुन्हा व्हरांड्यात आली तेव्हा दादा उभा होता. निघायच्या तयारीत.

"बस," ती म्हणाली. "नळ्यांवर वीस क्रमांक आहेत. मेंढ्या किती?"

"म्हणजे?"

"रक्त किती मेंढ्यांचं आहे?"

त्याने कागदी पेला चुरगळला, कचऱ्याची पेटी शोधली, सापडली नाही म्हणून तो खिशात घातला.

"एक."

"कुठली?"

"मावशी."

मावशीला ती ओळखत होती. जन्मतःच आई गेलेलं ते कोकरू वहिनीने बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. आता ती थोराड मेंढी झाली होती आणि फार्मवर माणसांपेक्षा तिचा मान मोठा होता. तिला दोरी लागत नसे. दादाची बॅग दिसली की ती स्वतःहून येऊन उभी राहायची आणि मान पुढे करायची.

"वर्षभर," ती म्हणाली. "वर्षभर मी एका मेंढीची वीस नावं घेऊन सरासरी काढत बसले. आणि तू दर पंधरा दिवसांनी तिचं बाटलीभर रक्त काढत होतास. डॉक्टर म्हणवतोस स्वतःला? खाटीक परवडला. तो एकदाच कापतो."

"आवाज खाली."

"नाही होणार."

पलीकडच्या खोलीचं दार किलकिलं झालं आणि पुन्हा लागलं.

"तिला मी लोहाचं औषध देतो," दादा म्हणाला. "चारा दुप्पट देतो."

"वा. म्हणजे आधी घर लुटायचं आणि मग गादी शिवून द्यायची."

तेव्हा दादाचा चेहरा बदलला. त्याने बर्फाचा डबा बाकावर आपटला.

"पहिल्या खेपेला वीस मेंढ्यांचंच पाठवलं होतं. चौघांनी धरायच्या, तरी हिसडे देतात. सुई हलते, पेशी फुटतात. धुऊन पाठवल्या तरी तुझ्याकडे पोचेपर्यंत वरचं पाणी गुलाबी. तू फोन केलास. माझ्या दोन्ही हातांत मेंढी होती, म्हणून फार्मवरच्या एका माणसाने तो स्पीकरवर टाकला. तू काय म्हणालीस, आठवतं?"

तिला आठवत होतं.

"'जनावरं धरता येत नसतील तर कोंबड्या पाळ.' चार माणसांसमोर. अजून माझ्या पाठीमागे मला कोंबडीवाला डॉक्टर म्हणतात. परवा एकाने तोंडावरही म्हटलं."

"मी रागात होते."

"तू कधी नसतेस, धाकटे? त्या खेपेतली एकच नळी स्वच्छ होती. तू म्हणालीस, ही कशी जमली रे तुला? मला हेच पाहिजे. यापुढे अशीच पाठव, नाहीतर पाठवू नकोस. ती मावशीची होती." त्याने श्वास घेतला. "मग अशीच पाठवली. वीसच्या वीस."

"म्हणजे चूक माझी?"

"मी कुठे म्हणालो? तुला जे पाहिजे होतं ते मिळालं, एवढंच म्हणालो."

तिने मूठ उघडली. नळी इतका वेळ हातात हलत राहिल्याने थर मोडला होता. आता ती वरपासून खालपर्यंत लालभडक दिसत होती, कुठल्याही चांगल्या रक्तासारखी.

"आत या दोघंही," मागून सर म्हणाले.

सर कधी आवाज चढवत नसत. तिला त्यांच्या सौम्यपणाचाच जास्त राग येई, कारण त्याच्याशी भांडता येत नसे. त्यांनी दार हळूच लावलं, काचेवरचं रक्त स्वतः बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि खुर्ची मागे घेतली.

"आज काही बोलू नका," ते म्हणाले. "आधी खात्री करून घेऊ."

"खात्री झाली आहे, सर. तुम्ही आत्ता बघितलंत."

"बरं. मग एक वाक्य घाला. नमुने गोळा करणाऱ्याकडून हयगय झाली, काही निष्कर्ष पुन्हा तपासत आहोत. आपली पद्धत चोख आहे. तिच्यावर डाग येत नाही. तुम्ही सुटता."

"आणि हा?"

"ते त्यांचं खातं बघेल." सर दादाकडे न बघता म्हणाले. "तुमचे बंधू आहेत, हे कागदावर कुठेच नाही."

पंख्याखाली टेबलावरचे कागद फडफडले. तिने त्यांच्यावर नळी आडवी ठेवली आणि ती गडगडू नये म्हणून बोटाने दाबून धरली.

"लिही," दादा म्हणाला. "कोंबडीवाल्याने घोळ केला. खोटं काय आहे त्यात?"

"तू मध्ये बोलू नकोस."

"बघा, सर. अपराधी मी, आणि गप्प बसायचंही मीच." त्याने डबा उचलला. "मी निघतो. मावशीला औषध द्यायचं राहिलंय. तेवढं तरी डॉक्टरचं काम आहे."

"दादा."

तो वळला नाही. जिन्यावर डबा कठड्याला आपटत गेल्याचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत येत राहिला.

दुपारी तीनला समितीच्या चौघांसमोर तिने पडद्यावर पहिलं चित्रसुद्धा लावलं नाही. पुन्हा फिरवून घेतलेल्या नळ्या लाकडी घोडीत, म्हणजे नळ्यांच्या स्टँडमध्ये, उभ्या करून तिने टेबलाच्या मधोमध ठेवल्या. बाजूला बकरीच्या रक्ताची एक नळी ठेवली. जे सांगायचं ते तिने सरळ सांगितलं: मेंढ्यांचा निकाल मी मागे घेते. हे सगळं रक्त एकाच मेंढीचं आहे आणि ती मेंढी रक्त काढून काढून अशक्त झालेली आहे. पेशीतला जोर तिच्या जातीचा नाही, सारखं नवं रक्त बनवत झिजण्याचा आहे.

सरांचं पेन कागदावरच थांबलं.

समितीतल्या एका वयस्क बाईंनी घोडी आपल्याकडे ओढून घेतली. आखूड कापलेले पांढरे केस, मनगटावर पुरुषी घड्याळ. त्यांनी एकेक नळी निरखली.

"रक्त कोणी काढलं?"

सरांनी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला. तिने तो तसाच ठेवला. तिचा राग ओसरला नव्हता. तो दादावर होता, सरांवर होता आणि नेमका हाच प्रश्न पहिल्यांदा विचारणाऱ्या या बाईंवरही होता.

"मी सांगितलं तसं काढलं गेलं," ती म्हणाली.

"मी माणूस विचारला."

"पद्धत वाचून दाखवू?"

"त्यात काढणाऱ्याचं नाव आहे?"

"नाही. लिहिणारीचं आहे."

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं, काहीतरी टिपून घेतलं आणि घोडी पुढच्या माणसाकडे दिली. आणखी प्रश्न झाले, पण ते बकरी आणि घोड्याबद्दलचे होते. समिती गेल्यावर सर आपल्या खोलीत गेले. जाताना तिच्याशी ते बोलले नाहीत. दार मात्र नेहमीसारखंच हळू लावलं.

संध्याकाळी तिने दादाला फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. मग घरच्या नंबरवर वहिनीने उचलला.

"दादा कुठे आहे?"

"शेडमध्ये. आल्यापासून तिथेच बसलाय, जेवायलाही आला नाही. भांडलात ना?"

"मावशी कशी आहे?"

"तिला काय धाड भरलीय? तुझा दादा औषध पाजायला गेला, तर बॅग बघून ही आपली उठून आली. आली आणि मान पुढे करून उभी राहिली. त्याने बॅग लांब ठेवली, तरी हलेना. तेव्हापासून तो तसाच बसलाय बघ. असं काय झालंय ते तरी सांगशील?"

तिने फोन ठेवला.

समितीचा निर्णय अजून कळलेला नाही. फार्मवरचं यंत्र दुरुस्त होऊन आलं आहे. दादा तिचा फोन उचलत नाही.